आरसी विमान पहिल्यांदाच बनवताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल, रिमोटने उडवायचं छोटं विमान. या छंदात नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात हेच प्रश्न येतात, प्रत्येक वेळी तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम फार शोधू नका, जसं आठवलं तसं लिहिलंय.

मला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही, हातही काही फार सफाईदार नाही. जमेल का?

जमेल. कटर सरळ चालवता आला, ग्लू गन धरता आली आणि थोडं सोल्डरिंग शिकायची तयारी असली की बास. सोल्डरिंग सुद्धा कनेक्टर आधीच लावलेले पार्ट घेतले तर जवळपास लागत नाही. सर्किट वगैरे बनवायचं नसतं, सगळे भाग तयार मिळतात, आपण फक्त एकमेकांना जोडायचे. अवघड भाग बनवण्याचा नाहीच, वजन आणि बॅलन्स नीट ठेवण्याचा आहे आणि नेमकं तिकडेच सगळे दुर्लक्ष करतात.

तयार विमान घेऊ की स्वतः बनवू?

पहिलं विमान पडणार आहे. पडेल का असा प्रश्नच नाही, कितव्या मिनिटाला पडेल एवढंच बाकी आहे. तयार विमान पडलं की माणूस पार्ट शोधत बसतो, ते मिळत नाहीत आणि विमान कपाटावर जातं. स्वतः कापून चिकटवलेलं पडलं तर त्याच संध्याकाळी परत चिकटवता येतं कारण आत काय आहे ते आपल्याला माहिती असतं. म्हणून मी तरी बनवाच म्हणेन. नुसतं उडवायचंय, बनवण्यात रस नाही असं असेल तर तयार घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

फायटर जेट बनवायचंय. पहिल्यांदा तेच केलं तर?

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. जेटचे पंख छोटे असतात, त्यामुळे हवेत राहायला वेग लागतो आणि वेग असला की विचार करायला वेळ मिळत नाही. पहिल्यासाठी ट्रेनर बनवा, म्हणजे पंख बॉडीच्या वरच्या बाजूला, पंखाची खालची बाजू सपाट आणि दोन्ही टोकं थोडी वर उचललेली (याला डायहेड्रल म्हणतात). डायहेड्रलमुळे होतं काय की विमान एका बाजूला कललं तर ते त्या बाजूला घसरायला लागतं, खालच्या पंखाला जास्त कोनात हवा मिळते, तिथे लिफ्ट (वर उचलणारा जोर) वाढते आणि विमान आपोआप सरळ होतं. म्हणजे तुम्ही गोंधळून रिमोटची स्टिक सोडली तरी विमान स्वतःला सावरतं. दिसायला काही भारी नसतं, पण दहाव्या फ्लाईटलाही एका तुकड्यात असतं.

मापं विचाराल तर पंखाची लांबी १२० सेंमी आणि रुंदी २० सेंमी धरा. यापेक्षा खूप छोटं करू नका, छोटं म्हणजे सोपं असं वाटतं पण असतं उलट, छोटं विमान वाऱ्यात फडफडतं आणि थोडं लांब गेलं की दिसेनासं होतं.

किती चॅनेलचं करू?

तीन. चॅनेल म्हणजे रिमोटवरून वेगळी हलवता येणारी एकेक गोष्ट: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली करते), रडर (शेपटीची उभी पट्टी, डावी-उजवीकडे वळवते). एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्ट्या, विमान कलवतात) पहिल्या विमानाला नको. पंखाला पुरेसा डायहेड्रल असेल तर नुसत्या रडरवर विमान छान वळतं, दोन सर्व्हो (या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) कमी लागतात आणि पंखात वायरी ओढायची कटकट वाचते.

फोमबोर्ड, थर्माकोल की बाल्सा?

पहिल्याला फोमबोर्ड. ५ मिमी जाडीचा, दोन्ही बाजूला कागद असलेला. त्या कागदामुळेच त्याला ताकद येते, आतला फोम नुसता असेल तर हाताने मोडतो. घेताना एक शीट वजन करून बघा, दिसायला सारख्या असणाऱ्या दोन बोर्डांच्या वजनात दीडपट-दुप्पट फरक असू शकतो आणि जड बोर्डाचं विमान उडवायला जीव जातो.

साधा पांढरा दाणेदार थर्माकोल हलका असतो पण तुटतो पटकन. ईपीपी नावाचा फोम मिळाला तर सोनं, रबरासारखा असतो, आपटला तरी परत मूळ आकारात येतो, फक्त लवतो म्हणून आत कार्बनची दांडी घालावी लागते. बाल्सा लाकूड सुंदर, हलकं, पण एकेक रिब (पंखाच्या आतली फासळी) कापण्यात महिना जातो आणि ते सगळं दोन सेकंदात जमिनीत जातं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या विमानाला.

आणि हो, साधा सुपरग्लू फोमला लावू नका. फोम वितळतो, डोळ्यासमोर खड्डा पडतो. फोमसाठीचा वेगळा येतो तो वापरा नाहीतर ग्लू गन. ग्लू गनही फुल तापलेली असेल तर फोम खाते, आधी तुकड्यावर ट्राय करून बघा.

नेमकं काय काय सामान लागतं?

ब्रशलेस मोटर, ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोल करणारा, याच्यातच बहुतेक वेळा रिसिव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देणारं बीईसी असतं), लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, प्रॉपेलर, ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो, रिमोट आणि त्याला जुळणारा रिसिव्हर (विमानात बसून रिमोटचा सिग्नल घेणारा), बॅलन्स चार्जर (बॅटरीतले सगळे सेल सारखे चार्ज करणारा). वरच्या मापाच्या विमानाला २२१२ साईजची १००० केव्हीची मोटर, ३० अँपचा ईएससी, ३ सेलची २२०० एमएएच बॅटरी आणि १० × ४.५ चा प्रॉप हे जमलेलं गणित आहे. बाकी मग पुशरॉडला (सर्व्होपासून पट्टीपर्यंतची दांडी) १.५ मिमी स्टीलची तार, कंट्रोल हॉर्न (पट्टीवर बसणारा छोटा तुकडा, पुशरॉड यात अडकतो), रबरबँड, बांबूच्या काड्या, चिकटपट्टी.

मोटरवरच्या आकड्यांचा अर्थ काय? केव्ही म्हणजे किलोव्होल्ट का?

नाही नाही, किलोव्होल्ट असतं तर आपण जिवंत नसतो. केव्ही म्हणजे एका व्होल्टला बिनलोडची मोटर मिनिटाला किती फेरे मारते. १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर साधारण ११,१०० फेरे, प्रॉप लावला की अर्थात कमी होतात. केव्ही जास्त म्हणजे मोटर ताकदवान असं नसतं, जास्त केव्हीला छोटा प्रॉप आणि कमी केव्हीला मोठा एवढाच अर्थ. जास्त केव्हीच्या मोटरला मोठा प्रॉप लावलात तर ती मर्यादेबाहेर करंट ओढते आणि मोटर तरी जळते नाहीतर ईएससी.

२२१२ मधले पहिले २२ म्हणजे आतल्या स्टेटरचा (तांब्याची तार गुंडाळलेला स्थिर भाग) व्यास मिलिमीटरमध्ये, १२ म्हणजे त्याची उंची. काही कंपन्या मोटरचं बाहेरचं माप लिहितात म्हणून कधी २८३० असा आकडा दिसेल, घाबरू नका. प्रॉपवरचं १० × ४.५ म्हणजे व्यास १० इंच आणि पिच ४.५ इंच, म्हणजे लोण्यातून स्क्रू जावा तसा गेला तर एका फेरीत साडेचार इंच पुढे जाईल.

एक छोटी गोष्ट जी कोणी सांगत नाही. मोटर बसवायचे स्क्रू जास्त लांब असतील तर ते आत जाऊन तांब्याच्या वाईंडिंगला टेकतात. माझी पहिली मोटर अशीच गेली. स्क्रू छान घट्ट बसला म्हणून खूष झालो, थ्रॉटल दिला तर मोटर एकदा थरथरली आणि धूर. स्क्रू लावायच्या आधी बाजूने डोळा लावून बघा टोक कुठपर्यंत जातंय.

एकूण वजन किती असावं?

मोटर ५०, ईएससी २५-३०, बॅटरी १८० च्या आसपास, दोन सर्व्हो १८, रिसिव्हर १५, प्रॉप-तारा-हॉर्न मिळून ३०. म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम तर हेच झालं. बॉडी आणि पंख ग्लूसकट ३५० ते ४०० मध्ये बसवा, एकूण ७०० च्या आसपास. १२० × २० सेंमी म्हणजे २४ चौरस डेसिमीटर, ७०० भागिले २४ म्हणजे दर चौरस डेसिमीटरला २९ ग्रॅम. याला विंग लोडिंग म्हणतात आणि ट्रेनरला ३०-३५ पर्यंत असेल तर विमान मस्त सावकाश उडतं. ४५-५० ला गेलं की ते पळतं आणि तुम्ही त्याच्या मागे.

ग्लू हात सैल सोडून ओतू नका. प्रत्येक जोडाला "थोडा अजून" करत करत ८० ग्रॅम कधी वाढतात कळत नाही.

पंख कसा बनवायचा? सगळ्यात जास्त तिथेच अडतं.

२० सेंमीच्या पंखाला खालचा सपाट तुकडा आणि वरचा वाकवलेला. वरच्या तुकड्याच्या आतल्या बाजूचा कागद सोलून काढा (थोडं पाणी लावलं तर सहज निघतो) आणि मग तो टेबलाच्या कडेवर हळूहळू ओढत वाकवा, एकदम वाकवलात तर कडकन मोडतो. पुढच्या कडेपासून ६ सेंमीवर स्पार घाला, म्हणजे फोमबोर्डच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेली उभी दांडी, पंख तिथे सगळ्यात जाड असतो. मग ग्लू सोडायचा आणि वरचा भाग स्पारवरून आणून मागच्या कडेला दाबून धरायचा. इथे घाई नडते. गरम ग्लू ३०-४० सेकंदात सेट होतो, तेवढ्या वेळात एक टोक जरी पिळलं गेलं तरी पंखाला पीळ बसतो आणि असं विमान आयुष्यभर एका बाजूला ओढतं. म्हणून सपाट टेबलावर, वर पुस्तकं ठेवून, आणि ग्लू एकदम सगळीकडे न लावता थोडा थोडा.

डायहेड्रलसाठी पंखाचे दोन अर्धे वेगळे करा. एक अर्धा टेबलावर दाबून ठेवा, दुसऱ्याच्या टोकाखाली साधारण १० सेंमी उंचीचा ठोकळा ठेवा आणि मधला सांधा चिकटवा, प्रत्येक बाजूला अंदाजे ५ अंश येतात. सांध्यावर वरून खालून फायबरची चिकटपट्टी नक्की मारा, हवेत सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो.

पंख बॉडीला चिकटवू नका. बांबूच्या दोन काड्या बॉडीतून आडव्या घाला आणि रबरबँडने बांधा. आपटलं की रबरबँड निसटतात, पंख बाजूला पडतो आणि तुटत नाही. कुरूप दिसतं पण असंच करा.

सर्व्हो लावताना काय बघायचं?

आधी सर्व्हो रिसिव्हरला लावून चालू करा, ट्रिम (रिमोटवर मध्य बारीक सरकवायचं बटण) शून्यावर, म्हणजे तो मधोमध येईल. मग आर्म (सर्व्होवरचा हलणारा हात) लावा, काटकोनात. बरेच जण आधी आर्म स्क्रूने आवळतात, नंतर कळतं की मध्य चुकलाय. पुशरॉड आर्मच्या आतल्या भोकात आणि हॉर्नच्या बाहेरच्या भोकात लावला तर हालचाल कमी आणि ताकद जास्त मिळते, नवशिक्याला तेच पाहिजे. एलिव्हेटर वर-खाली १०-१२ मिमी हलला तरी खूप झालं. रिमोटमध्ये एक्स्पो असेल तर ३० टक्के ठेवा, स्टिक मध्याजवळ मवाळ होते.

सीजी म्हणजे काय आणि सगळे त्याच्यावर एवढं का बोलतात?

सीजी म्हणजे गुरुत्वमध्य, विमान ज्या बिंदूवर टांगलं तर आडवं राहतं तो. आपल्या विमानाला पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे २० सेंमीला ५ ते ६ सेंमीवर पाहिजे. दोन्ही बाजूला पेनने खूण करा, बॅटरीसकट सगळं आत ठेवा आणि खुणांखाली दोन बोटं लावून उचला. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. शेपूट खाली गेली तर उडवूच नका, एक सेंटीमीटरचा फरक असला तरी नको.

कारण शेपूट जड असलेलं विमान हातातून सुटल्यावर नाक वर करतं, तुम्ही खाली दाबता, ते जास्तच खाली जातं, परत ओढता, परत वर, दोन-तीन उड्यांत खेळ संपतो. नाक जड असलेलं आळशी असतं, एलिव्हेटर जास्त ओढावा लागतो, पण उतरवता येतं. बॅलन्ससाठी सगळ्यात आधी बॅटरी पुढे-मागे सरकवा, म्हणून तर बॅटरीची जागा लांबट ठेवायची. शिसं किंवा नाणी चिकटवणं हा शेवटचा उपाय.

मैदानावर लोकांच्या बऱ्याच तक्रारी ऐकतो, मोटर खराब, रिमोट खराब, वारा वाईट. नाचता येईना अंगण वाकडं. दोन बोटांवर उचलून बघितलं की अर्ध्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

मोटर उलटी फिरतेय!

ईएससीकडून येणाऱ्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. प्रॉपवरची अक्षरं विमानाच्या पुढच्या दिशेला पाहिजेत, ती मागे असतील तर प्रॉप उलटा लावलाय आणि जोर बराच कमी येतो. आणि हे सगळं टेस्टिंग प्रॉप काढून करायचं. १० इंची प्रॉप बोट कापतो, हे गंमत म्हणून लिहीत नाहीये.

मोटर बसवताना २-३ अंश खाली आणि २-३ अंश उजवीकडे झुकवा. थ्रॉटल वाढवला की विमान नाक वर करतं आणि डावीकडे ओढतं, ते याने कमी होतं.

लिपो बॅटरी खरंच फुटते का?

नीट वापरली तर नाही, हयगय केली तर पेटते. एका सेलचं फुल चार्ज ४.२ व्होल्ट, म्हणजे ३ सेलला १२.६. उडवताना सेल ३.५ च्या खाली जाऊ देऊ नका, ३ च्या खाली गेली की बॅटरी कायमची बिघडते. काही दिवस वापरायची नसेल तर ३.८ वर ठेवा, फुल चार्ज ठेवली की फुगते. चार्जिंग बॅलन्स मोडवर, २२०० च्या बॅटरीला २.२ अँपने, समोर बसून, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब. रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. फुगलेली, टोचलेली किंवा गोडसर वास येणारी बॅटरी परत वापरू नका, "एकच फ्लाईट" सुद्धा नाही.

किती वेळ उडेल?

२२०० एमएएच पैकी ८० टक्केच वापरायचे, म्हणजे १७६०. सरासरी १० अँप खात असेल तर साडेदहा मिनिटं. सुरुवातीला रिमोटवर ७ मिनिटांचा टायमर लावा.

रिमोट कुठला? मोड १, मोड २ काय भानगड आहे?

२.४ गिगाहर्ट्झचा, ६ चॅनेलचा कुठलाही चांगला. मोड २ मध्ये थ्रॉटल डाव्या स्टिकवर आणि एलिव्हेटर उजव्या, मोड १ मध्ये उलट. तुमच्या आसपास जे उडवतात त्यांचा मोड घ्या, म्हणजे अडचणीत रिमोट त्यांच्या हातात देता येतो. तीन चॅनेलच्या विमानात रडरचा सर्व्हो रिसिव्हरच्या एलेरॉन चॅनेलला लावा, म्हणजे वळण उजव्या हातात येतं आणि पुढे एलेरॉनवाल्या विमानाला हात बदलावा लागत नाही.

जुन्या लोकांना विचारा, पूर्वी एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांनी रिमोट चालू केले की विमान पडायचं म्हणून मैदानावर फ्रिक्वेन्सीच्या क्लिपा लावायला लागायच्या, २.४ आल्यावर ती कटकट संपली. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली रेडिओवर मॉडेल विमान उडवलं होतं, रेडिओ स्वतः बनवून. आपल्याला निदान तो बनवावा लागत नाही.

फेलसेफ सेट करा, सिग्नल गेला की थ्रॉटल बंद झाला पाहिजे. चालू करताना आधी रिमोट मग विमान, बंद करताना आधी विमान मग रिमोट.

जायरो लावू का? सिम्युलेटर लागतो का?

जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारा सेन्सर) नको, सीजी चुकलेलं विमान जायरो लपवतो. सिम्युलेटर मात्र हवाच, रिमोट कॉम्प्युटरला जोडून रोज २० मिनिटं असे दोन आठवडे केलेत तर दोन-तीन विमानं वाचतील.

पहिली फ्लाईट कशी करायची?

पहाटे, वारा नसताना, मोठं मोकळं मैदान, शक्यतो उंच गवत. आधी विमानाच्या मागे उभं राहून कंट्रोल तपासा. स्टिक उजवीकडे तर रडर उजवीकडे, स्टिक स्वतःकडे ओढली तर एलिव्हेटर वर. तोंडाने बोलत तपासा. मी एकदा दुसऱ्या विमानात एलेरॉन उलटे ठेवून सोडलं होतं, डावीकडे कललं म्हणून उजवीकडे दाबलं, अजून कललं, अजून दाबलं, चार सेकंद. घरी टेबलावर तपासलं होतं की, पण नाक माझ्याकडे तोंड करून.

मग मोटर चालू न करता गुडघे टेकून गवतावर हलकेच सरळ सोडा. १०-१५ मीटर सरळ तरंगत गेलं तर बॅलन्स बरा आहे. त्यानंतर वाऱ्याकडे तोंड करून, थ्रॉटल पाऊण, मित्राला आडवं ढकलायला सांगा, वर फेकायला नाही. तुमचे दोन्ही हात स्टिकवर. पहिले ३० मीटर वर जाईपर्यंत वळवू नका. वर गेल्यावर थ्रॉटल अर्ध्यावर, मोठे गोल घ्या, ट्रिम करा. नाक वर जाऊन विमान थबकल्यासारखं झालं आणि एकदम नाक टाकलं तर तो स्टॉल. हात आपोआप ओढायला जातो, पण ओढायचं नाही, सोडायचं, वेग आला की मग हळूच सरळ.

विमान माझ्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं.

सगळ्यांचं होतं. जो पंख खाली झुकलाय त्या बाजूला स्टिक ढकला, जसं काही त्याला खालून टेकू देताय, इतकंच लक्षात ठेवा. पंखाच्या वर आणि खाली वेगळे रंगही द्या.

परवानगी लागते का?

देशागणिक नियम वेगळे, आधी बघून घ्या. बऱ्याच देशांत २५० ग्रॅमच्या वर नोंदणी लागते आणि १२० मीटरपेक्षा उंच न्यायला बंदी असते, म्हणजे आपलं ७०० ग्रॅमचं विमान त्यात येतंच. विमानतळाजवळ आणि लोकांच्या डोक्यावरून अजिबात नाही.

पडलं. आता काय?

सगळ्यात आधी थ्रॉटल खाली. पळत जाऊ नका, पडल्यावर स्टिक वरच राहिलेली असते आणि अडकलेली मोटर ईएससी जाळते. मग बॅटरी काढा, फुगली किंवा वाकली का बघा आणि १५-२० मिनिटं बाजूला उघड्यावर ठेवा. तुकडे सगळे गोळा करा, छोटासुद्धा टाकू नका, फोम परत जिगसॉसारखा बसतो. नवीन प्रॉप लावा, चीर गेलेला प्रॉप पुन्हा वापरायचा नाही. आणि डागडुजी झाल्यावर सीजी परत बघा, नाकावर ग्लू वाढलेला असतो.

आणि हरवलं तर?

पंखाच्या आत नाव आणि फोन नंबर मार्करने लिहून ठेवा. ज्या दिशेला गेलं तिथली एखादी खूण, झाड, खांब, धरून सरळ चालत जा, नजर हटवू नका. सापडत नसेल तर रिमोट चालूच ठेवा आणि स्टिक हलवत ऐका, गवतात सर्व्होचा बारीक करकर आवाज येतो.